सोबत्याची वही आणि एकाक्ष समीक्षा

१

मराठीत प्रवासवर्णनाचा विचार जेव्हा जेव्हा झाला, तेव्हा तेव्हा तो ‘मी’ ह्या एका सर्वनामाभोवती झाला. परमुलखात गेलेल्या लेखकाची दृष्टी किती ताजी आहे, त्याचा विनोद किती निर्विष आहे, त्याच्या व्यक्तिमत्त्वाचा आविष्कार किती मनोज्ञ आहे, ह्या प्रश्नांच्या परिघाबाहेर ही समीक्षा क्वचितच पडते. वसंत सावंत ह्यांच्यासारख्या अभ्यासकांनी प्रवासवर्णनाला स्वतंत्र वाङ्मयप्रकार मानून त्याची गंभीर चिकित्सा केली, ह्याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. परंतु त्यानंतर विद्यापीठीय प्रबंधांच्या हाती हा विषय गेला आणि ‘निसर्गचित्रण’, ‘व्यक्तिचित्रण’, ‘समाजदर्शन’, ‘भाषाशैली’ अशा ठरावीक प्रकरणांच्या चौकटीत तो गोठून बसला. ‘साता समुद्रापलीकडे’ (१९५९), ‘अपूर्वाई’ (१९६०), ‘पूर्वरंग’ (१९६३) ह्या ग्रंथांना ही चौकट लावून झाली, मीना प्रभु ह्यांच्या ‘दक्षिणरंग’, ‘तुर्कनामा’, ‘चिनी माती’ ह्या ग्रंथांनाही लावून झाली. चौकट मात्र तपासली गेली नाही.

ह्या चौकटीत एक व्यक्ती कोठेच बसत नाही. परक्या देशात लेखकाला पाट्या वाचता येत नाहीत, बाजारातील भाव कळत नाहीत, कोणाशी काय बोलावे आणि कोठे गप्प राहावे हे ठाऊक नसते. त्याच्या आणि त्या देशाच्या मध्ये एक माणूस उभा असतो. तो स्थानकावर उतरवून घेतो, घरी नेतो, दुभाष्याचे काम करतो, काय पाहण्याजोगे आहे आणि काय नाही हे ठरवतो आणि न विचारलेल्या प्रश्नांचीही उत्तरे देतो. लेखकाने ‘पाहिले’ असे आपण ज्याला म्हणतो, त्यातील बराच भाग ह्या माणसाने दाखवलेला असतो आणि लेखकाला ‘कळले’ असे ज्याला म्हणतो, तो बव्हंशी त्याने सांगितलेला असतो. ग्रंथात त्याच्या वाट्याला ऋणनिर्देशातील अर्धी ओळ येते, फार तर एखादे खुसखुशीत व्यक्तिचित्र येते. समीक्षेत तेवढेही येत नाही.

प्रवासवर्णन ही दोघांच्या संबंधातून निर्माण होणारी संहिता आहे आणि ती एकाची म्हणून वाचणे ही निष्पाप नजरचूक नसून सैद्धांतिक चूक आहे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे. त्यासाठी पॅरिसला किंवा न्यूयॉर्कला जाण्याचे कारण नाही. ह्या चुकीचा सर्वांत बोलका पुरावा नाशिकमध्ये आहे.

२

नाशिककर ज्या शरणपूर रस्त्यावरून रोज जा-ये करतो, त्याला ते नाव ज्या वस्तीवरून मिळाले ती चर्च मिशनरी सोसायटीची ख्रिस्ती वसाहत. रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस ह्यांनी ती १८५४ च्या सुमारास वसवली. पुढे काही वर्षांतच तेथे आफ्रिकी मुलांसाठी आश्रयगृह निघाले. अरबी समुद्रात गुलामांची वाहतूक करणारी गलबते ब्रिटिश आरमार पकडत असे आणि त्यांतून सोडवलेली काही मुले मुंबईमार्गे नाशिकला आणली जात. शरणपुरात त्यांना लिहिणे-वाचणे, सुतारकाम, लोहारकाम शिकवले जाई. बाप्तिस्म्याबरोबर त्यांना इंग्रजी नावे मिळाली. इंग्रजी दप्तरांत त्यांची नोंद ‘नासिक बॉइज’ अशी आहे. त्यांतील काहीजण प्रौढ झाले तरी दप्तरात ते मुलगेच राहिले.

डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८६५ मध्ये मुंबईत आला, तेव्हा त्याला आपल्या अखेरच्या आफ्रिका-प्रवासासाठी माणसे हवी होती. १८६६ मध्ये त्याच्याबरोबर जे आफ्रिकेत उतरले, त्यांत नाशिकचे नऊ तरुण होते. मुंबईत शिकलेले चुमा आणि वेकातानी हेही होते. पुढे १८७२ मध्ये त्याच्या मदतीसाठी जी तुकडी धाडली गेली, तीत जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, कॅरस फॅरार असे आणखी काही नाशिकचे तरुण सामील झाले. १८७३ च्या मे महिन्याच्या आरंभी बांग्वेउलू सरोवराच्या दक्षिणेस चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टन मरण पावला. सोबत्यांनी त्याचे हृदय तेथेच एका झाडाखाली पुरले. जेकब वेनराइटने अंत्यविधीचा पाठ वाचला आणि झाडाच्या खोडावर लेख कोरला. नंतर वाळवलेला मृतदेह कापडात गुंडाळून हा काफिला नऊ महिने चालत राहिला आणि दीड हजार किलोमीटरांहून अधिक अंतर तोडून फेब्रुवारी १८७४ मध्ये बागामोयोच्या किनाऱ्यावर पोचला. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत झालेल्या दफनाच्या वेळी शवपेटीला हात लावणाऱ्यांत वेनराइट होता.

वेनराइटने ह्या साऱ्या प्रवासाची वही लिहिली होती. शरणपुरात अक्षरे गिरवलेल्या ह्या तरुणाची ती वही म्हणजे त्या मोहिमेचा एका आफ्रिकी माणसाने स्वहस्ते लिहिलेला वृत्तांत. तिचे पुढे काय झाले? लिव्हिंग्स्टनची रोजनिशी होरेस वॉलरने संपादित करून १८७४ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केली. अखेरच्या दिवसांचा आणि परतीच्या वाटेचा भाग त्याने मुख्यतः चुमा आणि सुसी ह्यांच्या तोंडी साक्षीवरून स्वतः लिहून काढला. वेनराइटच्या लेखनाचे जर्मन भाषांतर त्याच वर्षी पेटरमानच्या भूगोलविषयक नियतकालिकात आले. मूळ इंग्रजी हस्तलिखित सर्वांना वाचावयास मिळण्यास मात्र २०१९ साल उजाडावे लागले. लिव्हिंग्स्टनच्या कागदपत्रांच्या संगणकीय प्रकल्पाने ते त्या वर्षी प्रकाशात आणले. म्हणजे प्रवाशाचे पुस्तक दफनाच्या वर्षीच बाजारात आले आणि सोबत्याची वही त्याच्या स्वतःच्या शब्दांत प्रकट होण्यास जवळजवळ दीडशे वर्षे लागली.

३

ही हकीकत करुण आहे म्हणून येथे सांगितलेली नाही. तीतून प्रवासवर्णनाच्या सिद्धांतासाठी तीन गोष्टी निष्पन्न होतात.

पहिली गोष्ट अशी की, ‘स्थानिक’ हा जन्माचा दाखला नसून प्रवाशाने दिलेला हुद्दा आहे. नाशिकचे हे तरुण लिव्हिंग्स्टनच्या लेखी आफ्रिकेतील स्थानिक सोबती होते. परंतु ज्या गावांतून काफिला गेला, त्या गावांना ते इंग्रजी नावांचे, परदेशी कपड्यांतले, समुद्रापलीकडे वाढलेले परकेच होते. १८६६ मध्ये याओ लोकांच्या मुलखात एक प्रसंग घडला. लिव्हिंग्स्टनच्याच रोजनिशीत तो नोंदलेला आहे. नाशिकच्या अब्राहम नावाच्या तरुणाला जमावात आपला काका भेटला. तो स्वतः पकडला गेल्यानंतर आई आणि दोन बहिणींनाही विकले गेले, हे त्याला तेथे कळले. काकाने राहा म्हटले, लिव्हिंग्स्टननेही आग्रह केला. जेथे आई नाही, बहीण नाही, तेथे राहून काय करावयाचे, अशा अर्थाचे उत्तर देऊन तो पुढे निघाला. ह्याच्या उलट वेकातानी त्याच वर्षी वाटेत मागे राहिला. प्रवाशाच्या वहीत ह्या दोन छोट्या घटना आहेत. वस्तुतः येथे दोन स्वतंत्र प्रवासवर्णने घडत आहेत आणि दोन्हींचा विषय ‘परतणे’ हा आहे. लिव्हिंग्स्टन नदीचा उगम शोधत होता. अब्राहम ज्याच्यापाशी येऊन पोचला, तो त्याचा स्वतःचा उगम होता आणि तेथे कोणी उरले नव्हते. परका देश कोणता आणि आपला कोणता हा प्रश्न अब्राहमच्या वाट्याला ज्या दाहकतेने आला, तसा तो लिव्हिंग्स्टनच्या वाट्याला कधी आलाच नाही. मग त्या प्रवासातील ‘खरा प्रवासी’ कोण, हे मुखपृष्ठ पाहून कसे ठरवावयाचे?

दुसरी गोष्ट निर्णयासंबंधी आहे. सोबती हा प्रवाशाच्या इच्छेचे साधन असतो असे आपण गृहीत धरतो. लिव्हिंग्स्टनच्या मृत्यूनंतर ते साधन आपोआप थांबावयास हवे होते. ते थांबले नाही. उन्यान्येंबे येथे काफिल्याची गाठ कॅमेरॉनच्या शोधतुकडीशी पडली. मृतदेह येथेच पुरावा, असा सल्ला त्या इंग्रज अधिकाऱ्याने दिला आणि सोबत्यांनी तो मानला नाही. पुढे वाटेतील गावकऱ्यांचा विरोध होईल अशी भीती दिसताच त्यांनी प्रेत परत पाठविल्याचा देखावा केला आणि खरा देह कापडाच्या गाठोड्यासारखा बांधून पुढे नेला. हे केवळ स्वामिनिष्ठेचे लक्षण म्हणून सांगितले जाते. परंतु ज्याने मार्ग ठरवला, धोका ओळखला, युक्ती योजली आणि अधिकाऱ्याला नकार दिला, त्याला केवळ ‘एकनिष्ठ’ म्हणणे हा बुद्धीचा हिशेब हृदयाच्या खात्यात टाकण्याचा प्रकार आहे. रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने ह्या सोबत्यांसाठी जे पदक काढले, त्यावर त्यांच्या अखेरपर्यंतच्या एकनिष्ठेचाच उल्लेख आहे. त्यांच्या भूगोलज्ञानाचा नाही. भूगोलाच्या संस्थेने तरी तो करावयास हवा होता.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे आणि ती सहीची आहे. वेनराइटने झाडावर जो लेख कोरला, त्यात लिव्हिंग्स्टनचे नाव आणि ४ मे १८७३ हा दिनांक आहे आणि त्याखाली काफिल्यातील प्रमुखांचीही नावे आहेत. वेस्टमिन्स्टर ॲबीतील शिलेवर १ मे हा दिनांक आहे. ज्यांनी देह आणला त्यांचा उल्लेख तेथेही आहे, पण तो ‘विश्वासू हात’ असा. झाडावर माणसे आहेत आणि शिलेवर हात आहेत. सोबत्याने लिहिले तेव्हा त्याने प्रवाशाला वगळले नाही, स्वतःच्या माणसांनाही वगळले नाही. प्रवाशाच्या संस्कृतीने लिहिले तेव्हा माणसांचे अवयव झाले. प्रवासवर्णनाच्या दोन भिन्न संकल्पना ह्या दोन कोरीव लेखांत समोरासमोर उभ्या आहेत आणि आपली समीक्षा आजवर केवळ शिला वाचत आली आहे.

४

हा सारा वसाहतवादाचा दोष झाला, मराठी लेखक कोठे साम्राज्य घेऊन हिंडत होते, असा युक्तिवाद येथे होऊ शकतो. मेरी लुईस प्रॅट ह्यांच्या ‘इम्पीरियल आइज’ (१९९२) ह्या ग्रंथानंतर प्रवासलेखन आणि साम्राज्य ह्यांचा संबंध आपल्याकडे चर्चासत्रांतून आळवला जाऊ लागला. परंतु तो युरोपीय गोऱ्यांचा दोष म्हणून आळवणे सोयीचे असते. सोबत्याला गाळणे हे वाचनाच्या सवयीतून घडते आणि सवय साम्राज्यावाचूनही टिकते.

मराठीत ह्याहून वेगळी परंपरा नव्हती असे नाही. १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी अमेरिकेत पोचल्या, तेव्हा न्यू जर्सीतील रोसेल येथे त्यांना ठेवून घेणाऱ्या थिओडोशिया कार्पेंटर ह्यांना त्यांनी ‘मावशी’ केले. हे केवळ गोडव्याचे संबोधन नव्हते. मराठी माणूस परक्याला नाते लावतो, तेव्हा तो त्याला हक्क देतो आणि स्वतःवर कर्तव्यही घेतो. आनंदीबाईंच्या अस्थींना अखेर कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत, न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे, विसावा मिळाला. ह्या नात्याची खोली मोजण्यास एवढे पुरे आहे. एकीकडे प्रौढ माणसांना ‘बॉइज’ म्हणणारी नोंद आणि दुसरीकडे परक्या बाईला ‘मावशी’ म्हणणारी पत्रे आहेत. सोबत्याला दिलेले नाव हा प्रवासवर्णनाच्या अभ्यासातील मूलभूत पुरावा आहे, हे ह्या तुलनेवरून दिसून यावे.

पंडिता रमाबाई १८८६ मध्ये आनंदीबाईंच्या पदवीदानासाठी फिलाडेल्फियाला गेल्या, त्या तेथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रमुख रेचल बॉडली ह्यांच्या निमंत्रणावरून. रमाबाईंच्या इंग्रजी ग्रंथाला १८८७ मध्ये बॉडलींनी प्रस्तावना लिहिली आणि १८८९ मध्ये ‘युनाइटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हा रमाबाईंचा मराठी ग्रंथ आला. ह्या ग्रंथाच्या नावातच ‘प्रवासवृत्त’ दुय्यम आहे आणि ‘लोकस्थिती’ प्रधान आहे. शिक्षणसंस्था, स्त्रियांच्या संघटना, परोपकारी मंडळ्या ह्यांच्या द्वारा रमाबाई तो देश पाहतात. त्यांचा स्थानिक सोबती एक व्यक्ती नसून कार्यकर्त्या स्त्रियांचा एक समूह आहे आणि त्याचे ज्ञान रमाबाई लपवत नाहीत. विसाव्या शतकात ‘मी’चे प्रस्थ माजल्यावर हा ग्रंथ ललित नाही म्हणून प्रवासवर्णनाच्या मुख्य प्रवाहाबाहेर ठेवला गेला. लालित्याचा निकष किती पक्षपाती असू शकतो ह्याचा हा नमुना आहे.

त्यानंतर जे घडले ते अधिक चिंताजनक आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठी माणसे इंग्लंड-अमेरिकेत मोठ्या संख्येने स्थायिक झाली, महाराष्ट्र मंडळे निघाली आणि मराठी प्रवाशाचा ‘स्थानिक मित्र’ मराठीच असू लागला. विमानतळावर घ्यावयास येणारा मराठी, गाडी चालवणारा मराठी, त्या देशातील लोकांचे स्वभाव समजावून सांगणारा मराठी. त्या यजमानाच्या घरातील बाई नोकरीवरून येऊन पाहुण्यासाठी रात्री पिठले-भात रांधते आणि पाहुणा दुसऱ्या दिवशी अमेरिकन कुटुंबसंस्थेविषयी लिहितो. मराठी वाचकाला परदेशाची जी प्रतिमा मिळाली, ती अनेकदा त्या देशाची नसून तेथे गेलेल्या मराठी मध्यमवर्गाची आहे. त्याचे अभिमान, त्याच्या भीती, शेजारच्या वर्णाविषयीचे त्याचे ग्रह आणि मागे सोडलेल्या घराविषयीची त्याची अपराधी भावना तीत मिसळलेली आहे. समीक्षेने मात्र हे सारे लेखकाच्या ‘सूक्ष्म निरीक्षणा’च्या नावे जमा केले. सोबती कोण होता हा साधा प्रश्न विचारला असता, तर ह्या निरीक्षणाचे मूळ कोणत्या बैठकीच्या खोलीत आहे हे कळले असते.

५

आता काही आक्षेपांचा विचार करणे प्राप्त आहे.

वेनराइटची वही इंग्रजीत आहे, तिचा मराठी समीक्षेशी काय संबंध, असा पहिला आक्षेप संभवतो. प्रवासवर्णनाचे जे सिद्धांत आपल्या अभ्यासक्रमांत शिकवले जातात, ते इंग्रजीतून आलेले असतात तेव्हा हा आक्षेप कोणी घेत नाही. नाशिकमध्ये साक्षर झालेल्या माणसाच्या वहीपाशीच तो का आठवावा? शरणपुरात ही मुले शिकत होती, तेव्हा १८४० मध्ये स्थापन झालेले नाशिकचे सार्वजनिक वाचनालय त्याच गावात उभे होते. नाशिकचा वाङ्मयीन इतिहास सांगताना कुसुमाग्रजांचे, वसंत कानेटकरांचे, बाबूराव बागुलांचे नाशिक आपण सांगतो आणि ते योग्यच आहे. वेनराइटचे नाशिक त्यात नसावे ह्याला केवळ भाषेचे कारण पुरत नाही.

दुसरा आक्षेप वाङ्मयीन मूल्याचा आहे. वही रुक्ष आहे, नोंदवजा आहे, असे म्हटले जाईल. विष्णुभट गोडसे ह्यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ मध्ये चिंतामणराव वैद्य ह्यांनी संस्कार करून छापला, तेव्हा तोही सत्तावनच्या हकीकतीसाठीच वाचला गेला. मूळ संहिता १९६६ मध्ये दत्तो वामन पोतदार ह्यांनी प्रसिद्ध केल्यावर गोडसे भटजींचा स्वतःचा आवाज स्पष्ट झाला आणि तो आज मराठी गद्याचे लेणे मानला जातो. संपादकाच्या हाताखालून सुटलेल्या संहितेत काय गवसते ह्याचा अनुभव ज्या समीक्षेला आहे, तिने तरी दुसऱ्या अशा संहितेपुढे रुक्षतेचा आक्षेप घेऊ नये.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हे तरुण लिव्हिंग्स्टनचे मित्र नव्हते, पगारी चाकर होते. त्यांना सोबती म्हणणे हे सत्तासंबंधावर घातलेले मखमली पांघरूण नव्हे काय? हा आक्षेप मान्यच केला पाहिजे आणि तो पुढेही नेला पाहिजे. ‘मित्र’ ह्या शब्दाखाली वेतन, उपकार, जात, वर्ग, आश्रितता ह्यांपैकी काय दडले आहे हे प्रत्येक प्रवासवर्णनाला विचारावयास हवे. सोबत्याला गौरवून हा प्रश्न सुटत नाही आणि गाळून तर मुळीच सुटत नाही.

१९८० नंतर मराठीत बलवान झालेल्या देशीवादी मांडणीकडून येथे साहाय्य मिळेल अशी अपेक्षा होती. परपुष्ट समीक्षेवर तिने केलेला प्रहार आवश्यक होता. परंतु तिचा ‘स्थानिक’ माती, भाषा आणि अखंड परंपरा ह्यांत रुजलेला आहे. याओंच्या मुलखात जन्मलेला, गलबतातून सोडवलेला, गोदाकाठी वाढलेला, इंग्रजी नावाचा आणि काकाच्या गावी राहण्यास नकार देणारा अब्राहम कोणत्या देशीयतेत बसतो? व्यक्तिमत्त्ववादी समीक्षेला त्याचा ‘मी’ दिसत नाही आणि देशीवादी समीक्षेला त्याचा ‘देश’ सापडत नाही. परस्परांशी भांडणाऱ्या ह्या दोन्ही पक्षांची नजर एकाच ठिकाणी आंधळी आहे.

वस्तुतः नाशिकला ह्याचे उत्तर फार पूर्वीपासून ठाऊक आहे. रामकुंडावर येणाऱ्या यात्रेकरूला तीर्थोपाध्ये उतरवून घेतात, विधी सांगतात, वाट दाखवतात आणि आपल्या वहीत त्याच्या कुळाची नोंद करतात. ह्या व्यवहारात लिहिणारा स्थानिक आहे आणि प्रवासी हा नोंदीचा विषय आहे. शिवाय येणाऱ्यालाच येथे ‘यजमान’ म्हणतात. म्हणजे पाहुणा आणि यजमान, लेखक आणि विषय ह्यांच्या जागा अदलाबदल होऊ शकतात, हे ह्या गावाच्या नित्याच्या भाषेतच आहे. तीर्थोपाध्यायांची वही पवित्र नाही. तीतही दक्षिणा आहे, जात आहे, सत्ता आहे. परंतु प्रवासाची नोंद प्रवाशानेच करावयाची असते हे गृहीतक ती मोडून काढते आणि समीक्षेला तेवढे पुरेसे आहे.

तेव्हा प्रवासवर्णनाच्या अभ्यासकाने कोणतीही संहिता हाती घेताना काही प्रश्न अटळ मानले पाहिजेत. हे कोणी दाखवले? कोणत्या भाषेतून सांगितले? त्याला काय नाव दिले आणि काय मोबदला दिला? त्याने काय दाखवले नाही? त्याची स्वतःची वही कोठे आहे आणि ती नसेल तर का नाही? ह्या प्रश्नांनी ‘अपूर्वाई’ची गोडी कमी होणार नाही की गाडगिळांच्या शैलीचे तेज उणे होणार नाही. कमी होईल ती एकट्या प्रवाशाची मिथ्यकथा. १९७५ मध्ये डोनाल्ड सिम्पसन ह्यांनी युरोपीय शोधप्रवासांतील आफ्रिकी सोबत्यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, २००७ मध्ये लंडनला ह्या ‘बॉम्बे आफ्रिकनां’वर प्रदर्शन भरले. ज्या संस्थेने एकेकाळी पदकावर केवळ एकनिष्ठेचा उल्लेख केला होता, तीच त्या प्रदर्शनाची यजमान होती. इतिहासाने आपली नोंद दुरुस्त करावयास घेतली आहे. मराठी समीक्षेच्या अभ्यासक्रमांत मात्र अजूनही शिलेवरचाच पाठ चालू आहे. झाडावरची नावे वाचावयाची तर दोन्ही डोळे उघडावे लागतील आणि त्या नावांतील अक्षरांना वळण शरणपुरात मिळाले होते, ह्याची लाज न बाळगता जबाबदारी घ्यावी लागेल.